शनिवारी रात्री दहाला सर्व्हरवर किती माणसं?

पार्श्वभूमी

टीम फोर्ट्रेस टू हा गेम व्हॉल्व्ह कंपनीने 10 ऑक्टोबर 2007 रोजी आणला. दोन संघ, नऊ पात्रं, बारा विरुद्ध बारा. 23 जून 2011 ला तो फुकट झाला आणि भारतातल्या हॉस्टेलांपर्यंत पोचला. आमचा गट त्याच लाटेतला. 2012 मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहाजणांनी सुरुवात केली. तेव्हा ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे. एकाने तीन रात्री जागून गेम उतरवला आणि मग तो एका हार्डडिस्कवरून खोल्याखोल्यांत फिरला.

पुढे नोकऱ्या लागल्या, गट नाशिक, कोल्हापूर, इंदूर, बंगळुरूला पांगला. पण व्हॉट्सअॅपवरची यादी वाढत जाऊन चाळिशीला पोचली. त्यातले पंधरा-वीस नियमित खेळणारे. या लेखात कोणाचंच नाव नाही. जो ज्या पात्राने खेळतो तेच त्याचं नाव: इंजिनीअर दादा, जो सर्व्हर, म्हणजे ज्यावर सगळे जोडले जाऊन मॅच चालते तो कॉम्प्युटर, सांभाळायचा. मेडिक ताई, नाशिकच्या, पेशाने शिक्षिका. सोल्जर, माझा रूममेट. आणि नंतर आलेला स्काउट. मी डेमोमन खेळतो आणि दादांनंतरचा दुसरा अॅडमिन होतो.

गेम मरत चाललाय हे वाक्य आम्ही 2016 पासून ऐकत होतो. त्या वर्षी जुलैच्या अपडेटने झटपट खेळायचा जुना रस्ता काढून त्या जागी कॅज्युअल मॅचमेकिंग, म्हणजे कंपनीच्याच सर्व्हरवर आपोआप मॅच जुळवायची सोय, आणलं. लोकांनी स्वतः चालवलेले सर्व्हर त्यानंतर नव्या खेळाडूंच्या नजरेआड गेले. ऑक्टोबर 2017 मध्ये जंगल इन्फर्नो हे मोठं अपडेट आलं. त्यानंतर कंपनीकडून तेवढं मोठं काही आलं नाही. तरी आम्ही खेळतच होतो, कारण मुंबईच्या अधिकृत सर्व्हरवर रात्री नऊनंतर दोन मिनिटांत मॅच लागत असे.

अडचण

2020 च्या मार्चअखेर लॉकडाउन लागला आणि सुटलेली माणसं परतली. पाच वर्षं लॉग इन न केलेले मित्र घरी बसून पुन्हा हेडफोन लावू लागले. एप्रिलमध्ये गेममधल्या सोल्जर या पात्राला आवाज देणारे रिक मे कोविडने गेले. मे महिन्यात गेममधल्या मॅपवर, म्हणजे खेळाच्या मैदानांवर, सोल्जरचे सलाम करणारे पुतळे दिसू लागले, जवळ गेलं की त्यांचेच संवाद ऐकू यायचे. ग्रॅनरी मॅपवरचा पुतळा कायम ठेवला आहे. आमचा सोल्जर पहिल्यांदा त्या पुतळ्यासमोर आला तेव्हा मॅच चालू असूनही बंदूक खाली करून उभा राहिला. आम्हीही थांबलो. समोरच्या संघातला एकजण आला आणि तोही गोळी न झाडता उभा राहिला.

नेमक्या याच दिवसांत कॅज्युअल सर्व्हर बॉटांनी भरले. बॉट म्हणजे माणूस नसलेली खाती, बहुतेक स्नायपरच्या रूपात, कोपऱ्यातून डोकं दिसताक्षणी गोळी घालणारी. हकालपट्टीचं मतदान घ्यायला गेलं की बॉट एखाद्या खऱ्या खेळाडूचं नाव स्वतःला लावून घ्यायचा. मतदानाच्या चौकटीत एकाच नावाचे दोघे दिसायचे आणि एफ वन (होय) दाबू की एफ टू (नाही), यात वेळ जायचा. एक बॉट काढेपर्यंत दोन नवे आलेले. 22 एप्रिलला गेमचा जुना कोड फुटला, तेव्हा कोणी आपल्या कॉम्प्युटरमध्ये घुसेल की काय या भीतीने आम्ही आठवडाभर गेम उघडलाच नाही.

जूनमध्ये कंपनीने उपाय म्हणून अधिकृत मॅचमेकिंगमध्ये फुकट खात्यांचं, म्हणजे ज्यांनी गेममध्ये कधीच काही विकत घेतलं नाही त्यांचं, चॅट बंद केलं. बॉटांची बडबड त्यामुळे थोडी आटली, पण नवी मुलं मुकी झाली. आपल्याकडे शाळा-कॉलेजातल्या मुलाजवळ कार्ड कुठे असतं? तो कधीच काही विकत न घेता खेळतो. आम्हाला याचा फटका सगळ्यात जास्त बसला, कारण आमच्याकडे नवीन माणूस यायचा तो असाच. मॅचमध्ये कोणीतरी मराठीत किंवा हिंदीत काही बोलायचं, आम्ही उत्तर द्यायचो, मग तो यादीत यायचा. बोलणंच बंद, म्हणजे तो रस्ता बंद.

समोरचे पर्याय

जुलै 2020 मध्ये एका रविवारी आम्ही अकराजण कॉलवर बसलो. बोलणं अडीच तास चाललं.

कॅज्युअलमध्येच राहायचं, पण सहा-सहाच्या पार्टीने, म्हणजे आधीच गट जुळवून, शिरायचं, हा पहिला विचार. पार्टीत सहाजण मावतात, म्हणजे मतदानात सहा मतं पक्की. हे आम्ही आधीच करत होतो. त्यात रात्रीचा अर्धा वेळ खेळण्याऐवजी बॉट हाकलण्यात जायचा.

दुसरा, सिंगापूरच्या सर्व्हरवर जाण्याचा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, पंधरावरून ऐंशी-नव्वदवर जातं आणि बॉट तिथेही होते. पाच मिनिटांत निकाली निघाला.

तिसरा, गेमच सोडण्याचा. जूनमध्ये व्हॅलोरंट आला होता, चौघे तिकडे रमले होते आणि इतरांना बोलवत होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नवा गेम, फसवणूक रोखायची कडक व्यवस्था, सगळे मित्र तिथेच. पण तिथे संघ पाचजणांचा. आमच्यात पंधराजण एका वेळी यायचे आणि त्यातल्या निम्म्यांना निशाणेबाजीत रस नव्हता. मेडिक ताई आठ वर्षं एकही बंदूक धड न चालवता, नुसतं जखमींना बरं करत, सगळ्यात उपयोगी खेळाडू होत्या. त्या म्हणाल्या, "मला तिकडे कामच नाही रे." या एका वाक्यावर बरेचजण थांबले.

चौथा, स्वतःचा सर्व्हर. इंजिनीअर दादांनी तो मांडला आणि तोच ठरला. एक गोष्ट त्यांनी शोधून ठेवली होती: चॅटबंदी अधिकृत मॅचमेकिंगपुरती होती. लोकांच्या सर्व्हरवर फुकट खात्यांनाही बोलता येत होतं.

काय केलं

पहिला सर्व्हर एका स्वस्त होस्टिंगवर घेतला. सहाजण असताना उत्तम चालायचा. सोळाजण झाले की गाडी उचक्या द्यावी तसा खेळ अडखळायचा. आम्ही इंटरनेटला दोष देत राहिलो. तीन आठवड्यांनी दादांनी नेट ग्राफ, म्हणजे जोडणीचे आकडे दाखवणारी गेममधली पट्टी, लावून बघितलं. पिंग सगळ्यांचं चांगलं, पण सर्व्हरच्या बाजूचा आकडा नाचत होता. या गेमचा सर्व्हर सेकंदाला 66 वेळा सगळा हिशेब करतो आणि जवळपास सगळं काम प्रोसेसरच्या एकाच कोरवर पडतं. स्वस्त प्लॅनमध्ये तो कोर इतर गिऱ्हाइकांबरोबर वाटून घेतलेला. चार कोरचा मोठा प्लॅन घेऊनही काही झालं नसतं. आम्हाला एक चांगला, स्वतंत्र कोर हवा होता. असा मुंबईतलाच सर्व्हर महिना साडेआठशेला मिळाला, आठजणांनी वर्गणी काढली.

दुसरी अडचण मॅपची. हौसेने आम्ही लोकांनी बनवलेले बारा मॅप चढवले. नवा माणूस सर्व्हरवर यायचा, पडद्यावर डाउनलोडची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची आणि तो निघून जायचा. मॅपच्या फाइली वेगळ्या वेब सर्व्हरवर ठेवून तिथून वेगाने उतरवायची सोय असते, ती लावायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर अपवर्ड, बॅडवॉटर, व्हायाडक्ट, हार्वेस्ट असे गेमबरोबर येणारे मॅपच ठेवले. नवा सर्व्हर काढणाऱ्याने पहिले तीन महिने हेच करावं असं माझं मत आहे.

तिसरा प्रश्न रिकाम्या सर्व्हरचा. शून्य माणसं दिसणाऱ्या सर्व्हरवर कोणी येत नाही. सराव करायला गेममध्येच बॉट दिलेले असतात, त्यांनी जागा भरून ठेवता येते आणि माणसं आली की ते आपोआप कमी होतात. दादांचा आग्रह होता की ते लावावेत. ताईंचा विरोध होता, कारण बॉटांना कंटाळून आलेल्या माणसाला पहिल्याच क्षणी बॉट दिसले तर तो काय समजेल? शेवटी बॉट न लावता पाचजणांनी पाळी लावून घेतली. शनिवारी साडेनऊला पाचांनी येऊन बसायचं, कोणी येवो न येवो. सर्व्हर उभा राहिला तो या पाळीमुळे. सप्टेंबर 2020 मध्ये शनिवारी सोळा ते अठराजण असायचे, त्यात यादीबाहेरचे पाच-सहा.

एक नियम न लिहिता पडला. आम्ही आपापसात मराठीत बोलायचो. हैदराबादचा एक मुलगा दोन शनिवार गप्प खेळून गेला आणि तिसऱ्याला आला नाही. तेव्हापासून कोणी नवा दिसला की सगळे हिंदीवर यायचे.

निर्णायक वळण: पासवर्ड

ऑक्टोबर 2020 मध्ये एक फसवणारा खेळाडू, बॉट नव्हे तर खरा माणूस, सलग तीन शनिवार आला. खातं बंद केलं की नव्या खात्याने हजर. तिसऱ्या शनिवारी साडेदहालाच सगळे उठून गेले. त्याच रात्री मी आणि दादांनी सर्व्हरला पासवर्ड लावला. ताईंनी दुसऱ्या दिवशी गटावर लिहिलं, "नवीन पोरं कुठून येणार मग?" मी उत्तर दिलं की महिन्याभरात काढू.

तो काढला जून 2022 मध्ये. वीस महिन्यांनी.

मुद्दाम कोणी ठेवला नाही. खेळ शांतपणे चालला होता, आपलीच माणसं, कोणाची कटकट नाही. बंद खोलीत बसून गप्पा मारण्याचं सुख काय असतं ते त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी उपभोगलं, आणि त्या दिवसांत अनेकांना त्याची गरजही होती. ताईंच्या घरात दोन आजारपणं झाली, तरी शनिवारी त्या तासभर यायच्या. म्हणून त्या निर्णयाला मी सरसकट चूक म्हणत नाही. पण तो महिन्यापुरता होता हे आम्ही विसरलो, आणि आठवण करून देणारं कोणी नेमलं नव्हतं.

मोजायचं काय?

जानेवारी 2021 पासून मी एक शीट ठेवली. शनिवारी रात्री दहाला सर्व्हरला विचारायचं, कोण कोण आहे, आणि तीन रकाने भरायचे. माणसं किती. त्यातली गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा आलेली किती. आणि आज पहिली मॅच कोणी सुरू केली.

पहिला रकाना हळूहळू उतरला. 2021 च्या सुरुवातीला पंधरा, वर्षअखेरीस अकरा, मे 2022 मध्ये सात. त्या वेळी आमच्यात वाद झाला तो याच रकान्यावर. सोल्जरचं म्हणणं, गेमच संपत आला आहे, आपण काय करणार? पण दुसरा रकाना बघा: एप्रिल 2021 पासून तो सलग शून्य होता. म्हणजे गट आटायला लागल्याची खूण पहिल्या रकान्यात ठळक व्हायच्या कितीतरी आधी दुसऱ्यात दिसत होती. शीट भरणारा मीच, आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. तिसरा रकाना तर आणखी स्पष्ट होता. बहुतेक ओळींत एकच शब्द: इंजिनीअर.

गेमचा आलेख आणि गटाचा आलेख एक नसतो, हे 2023 ने दाखवलं. त्या वर्षी कंपनीने लोकांनी बनवलेले मॅप आणि वस्तू गोळा करून जुलैत मोठं उन्हाळी अपडेट काढलं. स्टीमवर, म्हणजे गेम ज्यावरून चालतो त्या कंपनीच्या दुकानात, एका वेळी अडीच लाखांहून जास्त खाती दिसली, जवळपास सोळा वर्षांच्या या गेमचा हा विक्रम होता. त्या आकड्यात नुसती चालू ठेवलेली खातीही असतात, बॉटही असतात. पण गर्दी खरी होती यात शंका नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या सर्व्हरवर नऊजण होते, कारण दादा नसल्याने सर्व्हर दोन शनिवार बंद पडला होता आणि लोकांची सवय मोडली होती.

दुसरं वळण: चावी एकाकडेच

दादा मार्च 2023 मध्ये नोकरीसाठी जर्मनीला गेले. त्यांचं पुण्यातलं कार्ड बंद झालं, बिल थकलं, होस्टिंगच्या नियमाप्रमाणे जूनअखेर सर्व्हर पुसला गेला. सेटिंगच्या फाइली, बंद केलेल्या खात्यांची यादी, मॅपचा क्रम, सगळं तिथेच होतं. माझ्याकडे फक्त गेममधले अॅडमिनचे अधिकार होते, खात्याचा पासवर्ड नव्हता. दादांना फार वाईट वाटलं, पण दोष एकट्याचा नव्हता. तीन वर्षांत कोणीही त्यांना विचारलं नव्हतं की दादा, तुम्ही नसाल तेव्हा काय?

नवा सर्व्हर उभा करायला दोन आठवडे लागले. या वेळी खातं तिघांच्या हाती, सेटिंगची प्रत दर महिन्याला दुसरीकडे. वेळही बदलली. उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे जर्मनीत संध्याकाळचे सहा, पण हिवाळ्यात पाच. दादांना पोचता यावं म्हणून नोव्हेंबर ते मार्च आम्ही तासभर उशिरा बसतो. त्यांचं पिंग दीडशेच्या घरात असतं, तरी इंजिनीअरला चालतं. तोफ एकदा बांधली की नेम तीच धरते.

तिसरं वळण: सर्व्हर आता हवा का?

मागे जरा मे 2022 कडे जावं लागेल. 26 मे रोजी जगभरच्या खेळाडूंनी "सेव्ह टीएफटू" अशी हाक दिली आणि कंपनीच्या खात्यावरून बऱ्याच काळाने उत्तर आलं की प्रश्न माहीत आहे, काम चालू आहे. त्या गलक्यात अनेकजण बॉट नसलेले सर्व्हर शोधत होते. पासवर्ड काढण्याचं कारण आम्हाला तिथे मिळालं. काढला, शनिवारच्या पाळीत दोन अॅडमिन ठेवले, पाच महिन्यांत पहिला रकाना चौदावर आला. स्काउट आला तो तेव्हाच. अकरावीतला, सोलापूरकडचा, फुकट खातं. तो म्हणाला की दीड वर्ष खेळतोय आणि आज पहिल्यांदा कोणाशी बोलतोय.

3 जून 2024 ला हीच मोहीम "फिक्स टीएफटू" या नावाने पुन्हा उभी राहिली. याचिकेवर तीन लाखांहून जास्त सह्या झाल्या. जूनअखेर खाती बंद करण्याच्या लाटा आल्या आणि काही आठवड्यांत कॅज्युअल सर्व्हर खेळण्याजोगे झाले. चार वर्षं आम्ही जे मागत होतो ते मिळालं आणि आमचा सर्व्हर रिकामा होऊ लागला. लोक मुंबईच्या कॅज्युअलवर परतले. ऑगस्टमध्ये शनिवारी आठजण.

सर्व्हर बंद करावा असं मला वाटत होतं. ज्यासाठी काढला ते काम झालं. सोल्जरने विरोध केला, जो 2022 मध्ये सगळंच संपलं म्हणत होता. त्याचं म्हणणं, कॅज्युअलमध्ये मॅच संपली की समोरची माणसं पांगतात, पुन्हा भेटत नाहीत. आपल्या सर्व्हरवर मॅच संपली तरी माणसं बसून राहतात. मी आठवून बघितलं. यादीतली गेल्या दोन वर्षांतली सगळी नवी माणसं सर्व्हरवरून आलेली होती, कॅज्युअलमधून एकही नाही.

मग असं ठरलं: आठवड्यात सहा-सहाच्या पार्टीने कॅज्युअल, त्यात प्रत्येक पार्टीत किमान एक जागा नव्या माणसाला. शनिवार सर्व्हरचा. आणि सुरू करण्याची पाळी दर महिन्याला बदलायची.

परिणाम

2025 मध्ये शनिवारी बारा ते चौदा माणसं असतात. 2020 इतकी नाहीत. मूळ सहातले दोघेच उरलोत. दुसरा रकाना मात्र गेले वर्षभर शून्यावर गेलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पासवर्ड लावताना तो काढायची तारीख गटावर लिहायला हवी होती. त्याआधी तीन-चार जास्त अॅडमिन नेमून बघायला हवे होते. एका माणसाचा उपद्रव थांबवायला आम्ही सगळ्यांनाच बाहेर ठेवलं. शीट भरली, पण ती दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर ठेवली असती तर दुसरा रकाना ताईंच्या नजरेला नक्की पडला असता. शिक्षिकेला पटावर नवी नावं नसली की लगेच कळतं. सराव-बॉटांबद्दल मात्र मी अजून साशंक आहे. पाळी लावणं जड जातं, पण माणूस माणसासाठी आधी येऊन बसतो, याचं मोल नव्याला कळतं.

18 फेब्रुवारी 2025 ला कंपनीने गेमचा कोड बदल करून बघणाऱ्यांसाठी खुला केला. स्काउट आता कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे, तो त्यात डोकं घालून बसतो. त्याआधीच तो हॅमर या एडिटरमध्ये एक मॅप बनवत होता. तालुक्याचा एसटी स्टँड. फलाटांवर गावांच्या पाट्या, डावीकडे रसवंतीगृह, ताब्यात घ्यायची जागा बरोबर चौकशीच्या खिडकीसमोर. पहिल्या चाचणीला दादांनी खिडकीच्या छपरावर तोफ बांधली आणि दहा मिनिटं कोणालाच तिथे फिरकता आलं नाही. "छप्पर उतरतं कर," दादा म्हणाले. पुढच्या शनिवारी ते उतरतं होतं, वर तोफ ठरत नव्हती. त्या रात्रीची शीटमधली ओळ: तेरा, तीन, स्काउट.